पुराजीवांचा ऑनलाइन कोश उभारताय? या चुका टाळा

गोव्यात डायनासोर सापडलेला नाही. आमच्या कोशाच्या पहिल्याच बैठकीत हे कुणीतरी बोलायला हवं होतं. फोंड्यातल्या एका हॉटेलच्या माडीवर आम्ही आठ-नऊ जण जमलो होतो. त्यात निवृत्त मास्तर होते, बँकेतली एक ताई होती, दोन कॉलेजची पोरं होती आणि खाणीवर सर्व्हेअर म्हणून आयुष्य काढलेले एक काका होते. भूशास्त्र शिकलेलं कुणीच नव्हतं. भाजी-पाव संपेपर्यंत तीनशे पानांची यादी तयार झाली, आणि आठवडाभरात ती तीनशे पानं रिकामी उघडूनही ठेवली. ही पहिली चूक. रिकामं पान पाहून वाचक परत फिरतो, आणि लिहिणाऱ्याला उगाच काम झाल्यासारखं वाटतं. दहाच पानं घ्या, पण पुरी करा.

दुसरी चूक नावातच होती. आम्ही कोशाला ‘प्रागैतिहासिक’ म्हटलं आणि लगेच कुशावती नदीकाठच्या कोरीव चित्रांवर पाच लेख आले. रिवणजवळ उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेले बैल, चक्रव्यूह आणि माणसं आहेत. ती 1993 मध्ये अभ्यासकांसमोर आली आणि 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांसोबत युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ती माणसाने कोरलेली आहेत आणि डायनासोर त्याच्या कोट्यवधी वर्षं आधी संपले होते. दोन्ही एका वर्गात टाकल्यावर एका शाळकरी मुलाने विचारलं, ‘मग त्या बैलांना डायनासोरांनी खाल्लं नाही का?’ चूक त्याची नव्हती. आता कोशाचं नाव ‘पुराजीव’ आहे आणि कातळशिल्पांना एकच पान आहे.

गोव्याचा डायनासोर हवाच असा हट्ट मात्र सुटायला वर्ष गेलं. इथले बरेचसे खडक 250 कोटी वर्षांहून जुने आहेत, तेही दाबाने आणि उष्णतेने पार बदललेले. तेव्हा हाडंवाला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. सत्तरीच्या बाजूला दख्खनचा बेसाल्ट आहे, पण तो लाव्हा. वरचा जांभा, म्हणजे आपले चिरे, ही खडक कुजून झालेली गोष्ट. हे सगळं सर्व्हेअर काकांनी शांतपणे समजावलं, तरी दर पावसाळ्यानंतर कुणीतरी चिऱ्याच्या खाणीतून ‘अंडं’ घेऊन येतंच.

दगडावरचं नेचं

सगळ्यात जास्त मनस्ताप फोटोंनी दिला. सांगे तालुक्यातून एका सदस्याने दगडाचा फोटो पाठवला. पिवळट दगडावर काळं, नाजूक, फांद्या फुटलेलं नेच्याचं पान. ‘गोव्यातला पहिला वनस्पती-जीवाश्म’ असा मथळा देऊन पान चढवलंही. काकांनी दगड हातात घेतला, भिंग लावलं आणि हसले. नेच्याच्या पानाला मधली शीर असते, दोन्ही बाजूंना पानोळ्या ठरावीक अंतराने येतात. इथे फांद्या दगडातल्या भेगेपासून सुरू होऊन वाट फुटेल तशा पसरल्या होत्या. दगडाच्या फटीत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज काळ्या थरात साचतं आणि असं झाड उमटतं. त्याला डेंड्राइट म्हणतात. मँगनीजच्या खाणी असलेल्या तालुक्यात तो न दिसता तरच नवल.

पान उडवलं तर तो सदस्य रुसून गेला असता. म्हणून त्याचाच फोटो ठेवून ‘जीवाश्म वाटणारे दगड’ असं पान केलं, आणि आज कोशात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे. अशी फसगत मोठ्यांचीही होते. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर डिकिनसोनिया हा सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीचा जीव सापडल्याचं 2021 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं, तर तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा उरलेला ठसा निघाला. आमच्याकडे आता नियम असा: फोटोसोबत पट्टी किंवा नाणं हवं, दगड नेमका कुठला ते हवं, आणि दोघांनी पाहिल्याशिवाय ‘जीवाश्म’ हा शब्द पानावर जाणार नाही.

लाख, कोटी आणि मिलियन

इंग्रजी मजकुरावरून लिहिताना ‘66 मिलियन’चे 66 लाख होतात, कधी 66 कोटी. खरं ते 6 कोटी 60 लाख. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, हे सगळ्यांना पाठ असतं आणि रात्री अकराला कुणालाच आठवत नाही. आम्ही आकडा हाताने लिहायचंच बंद केलं. साच्यात, म्हणजे पानातल्या तयार रकान्यात, मिलियन टाकलं की पानावर कोटी-लाख उमटतात. चुका जवळपास थांबल्या.

एकाच प्राण्याची तीन पानं

डायनासोर, डायनोसॉर, डायनॉसॉर. तिन्ही पानं आमच्याकडे होती आणि तिन्हींवर वेगवेगळे लोक मन लावून लिहीत होते. एक रूप ठरवा, बाकीची तिकडे पुनर्निर्देशित करा. एवढं सोपं आहे.

सोपं नाही ते पुढचं. ‘किनाऱ्यावरचे जीवाश्म’ नावाची दोन पानं निघाली, अक्षर अन् अक्षर सारखं. मीडियाविकी, म्हणजे कोश ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, म्हणतं दोन वेगळी, डोळे म्हणतात एकच. दोन संध्याकाळी गेल्या. अखेर कॉलेजच्या पोराने शीर्षक एकेक अक्षर सुटं करून पाहिलं. एकाने ‘ऱ’ची वेगळी कळ दाबली होती, दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेली सगळी शीर्षकं एकदा अशी तपासून घ्या. शोध लागत नाही अशी तक्रार आली की सर्व्हरच्या आधी इथे पाहा.

परिभाषेचाही घोळ असतो. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या मराठी लेखनात ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रात स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. आम्ही ‘वंश’ आणि ‘जाती’ धरलं. त्यावरून चर्चापानावर नको ते विनोद झाले, मराठी-कोंकणीही निघालं. तो वाद चहाच्या टपरीवर न्यायचा, असं मास्तरांनी बजावलं.

लिहून झालं म्हणजे झालं नाही

टायटॅनोसॉरस इंडिकस हे आमचं लाडकं पान होतं. जबलपूरचा डायनासोर, 1877 मध्ये लायडेकर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने नाव दिलेला. पान सुबक झालं, कुणी बदलू नये म्हणून कुलूपही लावलं. मग एका वाचकाने कळवलं की ज्या शेपटीच्या मणक्यांवरून हे नाव पडलं, तसे मणके या गटातल्या बऱ्याच प्राण्यांत असतात, म्हणून 2003 मधल्या फेरतपासणीत ते नावच अवैध ठरवलं गेलं. त्याच तपासणीत चंद्रपूरच्या डोंगरगावच्या प्राण्याला, ज्याला 1997 मध्ये टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं होतं, आयसिसॉरस हे नवं नाव मिळालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. आमच्याकडे दोन्ही नावांची पानं होती आणि दोन्हींवर वजनं वेगळी.

तमिळनाडूच्या बृहत्कायोसॉरसचं याहून अवघड. 1987 मध्ये तो मांसाहारी म्हणून जाहीर झाला, पुढे अजस्र शाकाहारी मानला गेला, आणि मूळ हाडं तर जपली जाण्याआधीच ढासळून गेली. ‘जगातला सर्वांत मोठा’ असं ठोकून देणारा उत्साही सदस्य दर महिन्याला येतो. म्हणून प्रत्येक पानावर वरच दोन ओळी सक्तीच्या केल्या: कोणती हाडं मिळाली, आणि हे शेवटचं कधी तपासलं. पानांना कुलूप लावणं सोडून दिलं.

फुकटची चित्रं

भारतात चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. त्यामुळे नेटवरून उचललेलं झकास चित्र बहुधा दुसऱ्याचंच असतं. आणि जी खरोखर मुक्त आहेत ती इतकी जुनी, की त्यांतले डायनासोर जमिनीवर शेपूट फरपटत चालतात. आम्ही चित्रकलेच्या एका बाईंना गळ घातली. त्यांना एवढंच सांगितलं: शेपूट हवेत, आणि टी-रेक्सच्या हातांचे तळवे टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर.

ओटीपी बोटीवर

आमचा सर्वांत मोठा घोटाळा शास्त्राशी संबंधित नव्हताच. सर्व्हर आणि डोमेन ज्या पोराच्या नावावर होतं तो तारवटी झाला, बोटीवर गेला. चतुर्थीच्या दिवसांत, सगळे घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत असताना, डोमेनची मुदत संपली. पैसे भरायचे तर ओटीपी त्याच्या गोव्यातल्या नंबरवर, आणि तो भर समुद्रात. बारा दिवस कोश बंद. बँकेतल्या ताईने तेव्हापासून खातं तिघांच्या नावावर केलं, दर रविवारी पूर्ण प्रत तिच्या घरच्या हार्डडिस्कवर उतरते. तो पोर बंदरात लागल्यावर त्याचा पहिला मेसेज आला: ‘बृहत्कायोसॉरसचं वजन परत कोणी बदललं?’