काळ्या रानात या चुका टाळा

रान काळंभोर दिसलं की ते कसदारच, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. पहिली चूक तिथेच होते. दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो ऊन-पावसानं झिजत झिजत आपली माती झाली. तिच्या काळ्या रंगावरून सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणखतातून मातीत येणाऱ्या कर्बाचा, अंदाज बांधू नका. तपासणीत तो पुष्कळदा अर्धा टक्काही भरत नाही. रंग बघून शेणखतात काटकसर करू नका.

त्यापेक्षा कंबरभर खड्डा घ्या आणि त्याची कड नीट बघा. वर काळी माती, तिच्या खालच्या अंगाला चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, मग कातळ. नदीकाठी काळी माती पुरुषभर खोल लागते, माळावर वीतभरही नसते.

हा खड्डा न घेता सपाटीकरणाचं मशीन रानात घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उंचवट्यावरची काळी माती खोलगटात जाते आणि वर चुनखडीचा मुरूम उघडा पडतो. पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ते बहुधा चुन्यामुळे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. युरिया टाकून ते जात नाही. फेरस सल्फेटच्या फवारणीनं पीक तात्पुरतं सावरतं, पण गेलेली माती परत येत नाही. बोटाच्या पेराएवढा थर तयार व्हायला शेकडो वर्षं जातात. सपाटीकरण करायचंच असेल तर वरची माती आधी खरवडून बाजूला ढीग करा, खालचं समतल करा, मग तीच परत पसरा. खर्च वाढतो, पण तो करा.

दुसरी मोठी चूक म्हणजे वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, नसताना ट्रॅक्टर घालणं. ही माती भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना चाकाखाली दाबली की तिची पोकळी मिटते. आपण वरची पपडी वाळलेली बघतो आणि फसतो. वीतभर खालची माती काढा, मुठीत गोळा करा, कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वापसा आहे; चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा.

कपाशीचं झाड उपटून बघा. सोटमूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेलं असेल, तर तिथे नांगराच्या तळाचा कडक थर बसलाय. दरवर्षी त्याच खोलीवर नांगरट केली की तो आणखी घट्ट होतो. त्यावर सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, चालतो, पण एप्रिल-मेमध्ये, माती खोलवर सुकलेली असताना. ओलीत चालवला तर नुसती चीर पडते, थर तडकत नाही.