बारा जणांचा स्वयंपाक: चौघांच्या कृतीची तिप्पट कुठे चुकते

चौघांसाठी नेमकी जमणारी कृती बारा जणांसाठी करायची म्हटली की आपण सरळ सगळं तीनने गुणतो. कांदे तिप्पट, तेल तिप्पट, पाणी तिप्पट, तिखट-मीठ तिप्पट. मग रस्सा पांचट होतो, भाताचा गिचका होतो, वर तेल तरंगतं आणि पाहुणे दारात आले तरी कांदा पांढराच असतो. कच्चा माल तिप्पट लागतो, यात वाद नाही. पण शेगडी तीच आहे, तिची आच तीच आहे आणि भांडं मोठं घेतलं तरी त्याचा तळ काही तिप्पट होत नाही. म्हणून तेल, पाणी आणि वेळ यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आधी किती लागेल ते

शिजलेलं सगळं अन्न मिळून मोठ्या माणसाला ५०० ते ६०० ग्रॅम पुरतं. लहान मुलांना निम्मं धरा. भात इतर पदार्थांबरोबर असेल तर माणशी ६० ते ७० ग्रॅम कच्चे तांदूळ, आणि भातच मुख्य असेल तर १०० ग्रॅम. तांदूळ शिजून वजनाला अडीच ते तीनपट होतात, म्हणजे बारा जणांसाठी ८०० ग्रॅम तांदळाचा दोन किलोच्या वर भात होतो. डाळ माणशी ३० ते ४० ग्रॅम, राजमा-छोल्यांसारखं कडधान्य ५० ते ६० ग्रॅम, चिकन हाडांसकट असेल तर २०० ते २५० ग्रॅम, बिनहाडाचं १२५ ते १५०. पालेभाजीच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पातेलंभर पाला शिजून वाटीभर होतो.

हे आकडे तो पदार्थ मुख्य असतानाचे आहेत. दोन मुख्य पदार्थ केले तर प्रत्येक निम्मा करून भागत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक जण दोन्ही वाढून घेतो. प्रत्येकी दोन-तृतीयांश धरा. पदार्थांची संख्या वाढवत नेली की उरणारं अन्नही वाढत जातं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात हात पुरत नाहीत. तीन-चार पदार्थ भरपूर झाले. त्यातला एकच असा असावा की ज्याला ऐन वेळी शेगडीपाशी उभं राहावं लागेल. तळण आणि गरमागरम पोळ्या या दोन गोष्टी एकाच जेवणात ठेवल्या तर स्वयंपाक करणारा माणूस पाहुण्यांबरोबर जेवत नाही, हे आधीच समजून चाला.

कांदा: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

कांद्यात वजनाच्या जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर कांदा परतायला घेतला की सुमारे ९०० ग्रॅम पाणी कढईत आलं. ते जाईपर्यंत कांद्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आणि चांगला रंग धरायला त्याला १४० च्या पुढे जावं लागतं. छोट्या, खोल पातेल्यात वाफ निघायला जागा नसते, त्यामुळे कांदा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो. मऊ होतो, पण खमंग होत नाही, आणि तोच कच्चट गोडसर वास शेवटपर्यंत रश्शाला राहतो. मग कितीही मसाला घातला तरी तो झाकला जात नाही.

उपाय असा. घरातली सगळ्यात रुंद कढई घ्या. किलोभर कांदा असेल तर दोन वेळा करा किंवा दोन शेगड्यांवर दोन कढया ठेवा. किलोला अर्धा चमचा मीठ घालून आठ-दहा मिनिटं झाकण ठेवा. मिठाने आणि वाफेने पाणी लवकर सुटतं. मग झाकण काढून आच मोठी करा. सुरुवातीला ओला फसफसाट ऐकू येतो. पाणी संपत आलं की आवाज बदलतो, कोरडा चुरचुरीत होतो, तेल कडेला दिसायला लागतं. इथून पुढे पाठ फिरवायची नाही. आच मध्यम करा आणि तळ खरवडत राहा. तळाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने सोडवा. चव त्या थरातच असते. मात्र तो काळा झाला असेल तर खरवडू नका. किलोला पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत कांदा लाल करा असं जिथे लिहिलेलं असतं ती कृती एका कांद्याची असते.

हे काम आदल्या दिवशी उरकून ठेवावं. परतलेला कांदा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो. कच्चा चिरून मात्र रात्रभर ठेवू नका; त्याला उग्र दर्प येतो आणि तो कडवट होतो.

तेलाचं गणित सोपं आहे. परतण्यासाठी तेल लागतं ते कढईच्या तळाला, त्यामुळे माल तिप्पट झाला की तेल दुप्पट पुरे.

पाणी आणि भात

रश्शात घातलेलं पाणी दोन वाटांनी जातं: काही पदार्थात राहतं, काही वाफ होऊन उडतं. पदार्थात राहणारं पाणी मालाबरोबर वाढतं. उडणारं पाणी भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं. समजा चौघांच्या रश्शाला दोन ग्लास पाणी लागतं आणि त्यातलं अर्धा ग्लास उडतं. मग बारा जणांसाठी सहा ग्लास नकोत. दीड ग्लासाची तिप्पट साडेचार, अधिक पाऊण-एक ग्लास. सुरुवात साडेचारने करा, बाजूला उकळतं पाणी तयार ठेवा आणि लागेल तसं वाढवा. गार पाणी ओतलं तर मोठ्या पातेल्याची उकळी बसते आणि परत यायला दहा मिनिटं जातात. पातळ झालेला रस्सा आटवणं त्याहून त्रासाचं, कारण तोवर भाजीच्या फोडी विरघळलेल्या असतात.

भाताला हाच नियम जास्त कडकपणे लागू होतो. एका वाटीला दोन वाट्या पाणी घालून मोकळा भात होत असेल तर त्यातली साधारण वाटीभर वाफेतच जाते. म्हणून सहा वाट्या तांदळाला बारा नव्हे, सात ते आठ वाट्या पाणी. तांदूळ अर्धा तास भिजवले असतील तर त्यातलंही थोडं कमी करा. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी, त्यामुळे नवीन पिशवी थेट पाहुण्यांच्या दिवशी फोडू नका. शिवाय पातेलं पसरट हवं. उंच पातेल्यात खालचा भात वरच्याच्या भाराने दबतो. खाली गिचका, वर कच्चा. आच बंद केल्यावर पंधरा मिनिटं झाकण उघडू नये. जाड बुडाच्या झाकलेल्या पातेल्यात भात अर्धा-पाऊण तास सहज गरम राहतो, म्हणून तो अगदी शेवटी करायची गरज नाही.

कुकर वापरणार असाल तर तो दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळ, तांदूळ आणि कडधान्यं फुगतात, फेस करतात, त्यांच्यासाठी निम्म्यावरच थांबा. भरगच्च कुकरमध्ये फेस वाफेच्या नळीत जाऊन बसतो. शिजायला लागणारा वेळ प्रमाणाने वाढत नाही, फक्त पहिली शिट्टी उशिरा येते.

राजमा आठ ते बारा तास भिजवा. उकाड्याचे दिवस असतील तर भिजवण फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर आंबतं. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि नवीन पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर नेऊ नका. अर्धकच्च्या राजम्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या होतात. टोमॅटो, चिंच किंवा कुठलंही आंबट दाणे पूर्ण शिजल्यावरच घाला, आधी घातलं तर दाणा तासन्‌तास मऊ होत नाही.

मीठ, तिखट आणि तळाला लागणं

मीठ मोजण्याची विश्वासार्ह पद्धत म्हणजे वजन. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ बहुतेकांना बरोबर वाटतं. चार किलो रस्सा असेल तर ४० ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सात सपाट चहाचे चमचे. त्यातले पाच आधी घाला, बाकीचे पातळपणा नक्की झाल्यावर चाखून. खारट झालंच तर बटाटा टाकून फारसं काही होत नाही. तो मीठ वेचून घेत नाही, खारट रस्सा शोषतो एवढंच. पाणी, डाळ, भाजी असं काहीतरी वाढवणं हाच खरा उतारा. तिखटाची आधी दुप्पट घाला, तिप्पट नको. वाढवता येतं, काढता येत नाही.

मोठ्या पातेल्यात दाट पदार्थ गरम करताना वरचा भाग गार असताना खालचा करपतो, कारण डाळीचा आणि वाटणाचा गाळ तळाशी बसतो. मंद आच ठेवा, मधून मधून तळापर्यंत डाव फिरवा. जळका वास आला की पहिली गोष्ट म्हणजे ढवळणं थांबवा. आच बंद करा, वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचा थर तसाच सोडा आणि ओतलेलं चाखून बघा. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त वाचतं. ढवळलं तर सगळं गेलं.

वेळ उलटी मोजा

आठला जेवायचं असेल तर आठपासून मागे या. आठला पाच असताना कोथिंबीर, लिंबू, कोशिंबिरीत मीठ आणि दही. काकडीला आधी मीठ लावलं तर तिचं पाणी सुटून वाटीत तळं होतं. साडेसातला भाताची आच बंद. सातला रस्सा तयार, पुढे फक्त मंद आचेवर. पाच लिटर पाण्याला घरच्या शेगडीवर आधण यायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ती धरायला विसरू नका. रस्सा हवा त्यापेक्षा किंचित पातळ ठेवा. गार होताना तो दाटतो.

मदत करतो म्हणणाऱ्याला ‘काहीही कर’ सांगितलं तर तो ओट्यापाशी उभा राहून गप्पा मारतो. नेमकं काम द्या: बारा ताटं पुसून मांड, लिंबं चिर, पाण्याचे तांबे भर. मित्रमंडळी एकेक पदार्थ आणणार असतील तर तळलेलं कुणाला सांगू नका, वाटेत ते मऊ पडतं. सुकी भाजी, चटणी, गार गोड पदार्थ छान पोहोचतात. आणि शेंगदाणे, काजू, दूध, अंडं, गहू, कोळंबी यांतलं कुणाला चालत नाही हे निमंत्रण देतानाच विचारा. तसा कुणी असेल तर त्याचा पदार्थ आधी करा, वेगळ्या डावाने, आणि वाढतानाही तो डाव वेगळाच.

सगळं अन्न एकदम टेबलावर मांडू नका. निम्मं वाढायच्या भांड्यात, निम्मं शेगडीवर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफा निघत राहतील इतकं गरम. ५ ते ६० अंशांच्या मधल्या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर राहिलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. गप्पा रंगल्या की हेच राहून जातं, म्हणून जेवणं झाल्या झाल्या एकाने उरलेलं भरायला घ्यावं.

भाताची काळजी जास्त. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात वाढताना ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात परातीत पसरून लवकर गार करा. रस्साही पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नका. आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो. दोन इंचांहून कमी थर होईल अशा उथळ डब्यांत वाटून घ्या. कुणाबरोबर डबा दिला तर झाकणावर तारीख लिहून द्या. भात दुसऱ्या दिवशीच संपवावा, बाकीचं तीन दिवसांत. लागेल तेवढंच बाहेर काढून, भातावर चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून मधोमध वाफ येईपर्यंत गरम करावं, आणि एकदाच.