फ्लोरिडात ५७ टक्के पडले तरी पैसे बुडतात: अमेरिकेतल्या राज्यांच्या मतदानावरचे भाव कसे वाचावेत

नोव्हेंबर २०२४. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कोलंबसहून भाच्याचा फोन. "मावशी, फ्लोरिडात गर्भपाताच्या हक्काच्या घटनादुरुस्तीला ५७ टक्के मतं पडली. मी बाजारात 'होय' घेतला होता. मग खात्यात शून्य कसं?"

हा बाजार म्हणजे मतदानाच्या निकालावर पैसे लावायची जागा: 'होय' घेतला आणि प्रस्ताव मंजूर झाला तर पैसे मिळतात, नाही तर बुडतात. भाचा ओहायोत राहतो. तिथे आदल्याच वर्षी तशाच दुरुस्तीला जवळजवळ तेवढीच मतं पडली होती आणि ती मंजूर झाली होती, कारण ओहायोत निम्म्याहून एक मत जास्त पडलं की काम होतं. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. पोरानं जनमत पाहण्यांचे आकडे पाहिले, भाव पाहिला, पण नियम पाहिला नाही. त्याचे गेलेले पैसे फार नव्हते, तरी मला वाईट वाटलं. हे त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. म्हणून आता लिहूनच ठेवते.

भाव बघण्याआधी राज्याचा नियम काढा. कोलोरॅडोत घटनेत भर घालायला ५५ टक्के लागतात. मिनेसोटात घटनादुरुस्तीच्या वेळी कोरी सोडलेली जागा 'नाही' मध्ये धरली जाते. मी नेवाडात हेंडरसनला राहते. आमच्याकडे लोकांनी आणलेली घटनादुरुस्ती लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. पसंतीक्रमाच्या मतदानाचा (मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात) तीन नंबरचा प्रश्न, म्हणजे प्रस्ताव, २०२२ मध्ये मंजूर झाला आणि २०२४ मध्ये पडला. गर्भपाताच्या हक्काचा सहा नंबरचा प्रश्न २०२४ मध्ये सुमारे ६४ टक्क्यांनी निघाला, तरी तेवढ्यानं तो घटनेत गेला नाही. २०२६ मध्ये तो पुन्हा मतपत्रिकेवर यायचा होता. म्हणजे 'मंजूर होईल का' आणि 'लागू होईल का' हे दोन वेगळे सौदे आहेत. बाजाराच्या पानावर खाली बारीक अक्षरांत सौदा कशावर मिटणार ते लिहिलेलं असतं. ते पूर्ण वाचा.

मग 'होय' म्हणजे काय ते बघा. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ च्या प्रस्तावात 'होय' म्हणजे गर्भपाताचं घटनेतलं संरक्षण काढून टाकणं. लोकांनी सुमारे ५९ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. कॅलिफोर्नियात २०२० साली जामिनाच्या कायद्यावरचा २५ नंबरचा प्रस्ताव विरोधकांनीच मतपत्रिकेवर आणला होता, पण तिथे 'होय' म्हणजे कायदा ठेवा, 'नाही' म्हणजे रद्द करा. मी अशा वेळी प्रस्तावाचा सार माझ्या शब्दांत एका ओळीत लिहिते. ती ओळ लिहिता येईना, तर भावाकडे बघत नाही.

आता आकडे. करारांच्या बाजारात हे सोपं असतं. करार खरा ठरला तर एक डॉलर, नाही तर शून्य. भाव ६२ सेंट असेल तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. बुकी मात्र अधिक-उण्यात बोलतात. उणे १५० म्हणजे १०० कमवायला १५० लावायचे: १५० भागिले २५०, म्हणजे ६० टक्के. अधिक २०० म्हणजे १०० लावून २०० कमवायचे: १०० भागिले ३००, म्हणजे ३३ टक्के. दशांशातला भाव असेल तर एकाला त्यानं भागा, २.५० म्हणजे ४० टक्के.

एवढ्यावर थांबू नका. समजा, गव्हर्नरच्या लढतीत एकाचा भाव उणे १५० आणि दुसऱ्याचा अधिक १२० आहे. पहिल्याचे ६० टक्के, दुसऱ्याचे ४५.५. बेरीज १०५.५. वरचे साडेपाच बुकीचे. खरी शक्यता काढायला प्रत्येक आकडा बेरजेनं भागा: ५७ आणि ४३. हिशेबनिसाची नोकरी करते म्हणून असेल, पण मी ही बेरीज केल्याशिवाय पुढे जातच नाही.

प्रस्तावांच्या बाजारात आणखी एक अडचण येते: गिऱ्हाईकच कमी. पानावर ठळक अक्षरांत ७१ सेंट दिसतो, तो शेवटच्या सौद्याचा भाव, आणि तो सौदा कदाचित तीन दिवसांपूर्वीचा. खरेदीवाला ५८ ला उभा असतो, विकणारा ७६ मागतो. अशा वेळी '७१ टक्के' म्हणण्यात अर्थ नाही. बाजार ५८ ते ७६ च्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच म्हणा. अध्यक्षपदाच्या लढतीत हे अंतर एखाद्या सेंटावर येतं, कारण तिथे भरपूर पैसा ओतला जातो. राज्याच्या प्रस्तावावर एखाद्यानं हजारभर डॉलर लावले तरी भाव हलू शकतो. भाव हलला म्हणून बातमी आली असं समजू नका.

टोकांचे भावही जपून वाचा. जवळजवळ नक्की असलेली गोष्टही ९५-९६ सेंटला अडून राहते, कारण निकाल लागेपर्यंत पैसे अडकतात. उलट, जवळपास अशक्य गोष्टीला चार-पाच सेंट मिळत राहतात.

पैसे लावायचे असतील तर आधी आपल्या राज्यात काय चालतं ते तपासा. लास वेगासच्या कॅसिनोत घोड्यांपासून फुटबॉलपर्यंत सगळ्यावर डाव लागतो, पण निवडणुकीवर नाही. आयोवा विद्यापीठाचा अभ्यासासाठीचा छोटा बाजार १९८८ पासूनचा. निवडणुकीवरचे करार मोठ्या प्रमाणावर खुले झाले ते सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयानं असा बाजार चालवणाऱ्या काल्शी या कंपनीच्या बाजूनं निकाल दिल्यावर. मी स्वतः फक्त भाव वाचते आणि वहीत तारखेसकट टिपून ठेवते. मतपत्रिका टपालानं घरी आली की ती वही जेवणाच्या टेबलावर शेजारी असते.

मतमोजणीच्या रात्री मात्र सर्वांत जास्त धीर धरावा लागतो. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं नंतर सात दिवसांत पोचली तरी मोजतात. मार्च २०२४ चा एक नंबरचा प्रस्ताव ५०.२ टक्क्यांनी निघाला आणि तो निघाला हे कळायला दोन आठवडे लागले. अलास्कात त्याच वर्षी पसंतीक्रमाचं मतदान रद्द करण्याचा प्रस्ताव सुरुवातीला पुढे होता, शेवटी हजाराहून कमी मतांनी पडला. अशा रात्री भाव ८० वर गेलेला दिसला तर आधी कुठल्या काउंटीची (जिल्ह्याची) किती मतं मोजायची राहिली आहेत ते राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या पानावर बघा. भाच्याला मी हे पान उघडायला शिकवलं. आता तो रात्री फोन करतो तेव्हा आधी उरलेल्या मतांचा आकडा सांगतो, मग भाव.