वारा आत, डास बाहेर : उन्हाळ्यात खिडक्या कशा उघड्या ठेवाव्यात

एप्रिल-मेमध्ये खिडक्या लावल्या तर घाम, उघडल्या तर डास. बहुतेक जण सगळीकडे जाळ्या ठोकून मोकळे होतात. पण हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे न बघता लावलेली जाळी अर्ध्याच कामाची. म्हणून आधी वारा बघा, मग सुताराला बोलवा.

१. उदबत्ती फिरवा
संध्याकाळी पंखे बंद करून पेटलेली उदबत्ती प्रत्येक खिडकी, दाराखालची फट आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांजवळ धरा. धूर घरात वळला तर तिथून हवा येते, बाहेर ओढला गेला तर जाते. मुंबई-कोकणात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्यामुळे तिथे पश्चिमेच्या खिडक्या बहुधा हवा आत घेतात. हवेबरोबर किडेही तिथूनच येतात. जाळीचा पहिला मान या खिडक्यांना.

२. सरकत्या खिडकीची गोम ओळखा
तीन रुळांच्या खिडकीत जाळी अर्ध्याच चौकटीला असते. काच पूर्ण सरकवली तर ठीक. पण ‘थोडीशीच’ उघडली, की काचेची उभी कड आणि जाळीची चौकट यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहते आणि जाळी असून डास बिनदिक्कत आत येतात. तेव्हा काच एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण लावा. खालच्या रुळात पाणी निघायला भोकं असतात, त्यांवरही जाळीचा तुकडा चिकटवा. आणि जाळी महिन्यातून एकदा धुवा. धुळीनं बुजलेली जाळी डास अडवते, पण वाराही अडवते.

३. एक्झॉस्टला हवा द्या
एक्झॉस्ट पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच कुठून तरी आत ओढतो. जाळीची खिडकी बंद असेल तर ती दाराच्या फटीतून येते, सोबत चिलटं घेऊन. म्हणून आधी पंख्यापासून लांबची जाळीची खिडकी उघडा, मग बटण दाबा. बंद पंख्याची पाती किड्यांना अडवत नाहीत, त्यामुळे बाहेरून आपोआप मिटणारी झडप बसवून घ्या.

४. कूलरचं गणित उलटं
विदर्भात खिडकीला कूलर लावल्याशिवाय मे निघत नाही. कूलर हवा घरात ढकलतो, म्हणून समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. नाहीतर खोली दमट होते. त्या खिडकीतून हवा सतत बाहेर वाहत असल्यामुळे किड्यांना उलट्या वाऱ्यात शिरावं लागतं.

खरा धोका टाकीत आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासा आणि पूर्ण सुकवा. नुसतं पाणी ओतून चालत नाही. कडांना चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

घराला सेप्टिक टँक असेल तर त्याच्या हवा जाणाऱ्या पाईपच्या तोंडालाही जाळी बांधा.

५. वेळ सांभाळा
दिवेलागणीच्या अर्धा तास आधी बिनजाळीची दारं-खिडक्या लावा. रात्री हवा गार झाली की फक्त जाळीच्या उघडा. एडिस मात्र दिवसा चावतो, त्यामुळे दिवसाही जाळी सरकवून ठेवू नका.

६. पंखा पायांकडे वळवा
डास उडण्यात कच्चा असतो. जोराच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही, आणि आपल्या श्वासातल्या ज्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तो येतो तोही पांगतो. छताचा वारा टेबलाखाली पोचत नाही, म्हणून अभ्यासाला बसताना टेबलफॅन खाली ठेवा.

७. वळवाच्या संध्याकाळी
पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते. तासभर खिडकीजवळचे दिवे मालवा. लावायचाच तर मंद पिवळा लावा, पांढऱ्याशुभ्र दिव्यावर जास्त किडे येतात. सकाळी खिडकीखाली पंख सापडले तर झाडून टाका. पण खिडक्या बंद असूनही आतल्या दाराच्या चौकटीशी पंखांचा ढीग दिसला, तर वाळवी घरातूनच निघाली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी चौकट ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर वाळवीचा बंदोबस्त करणाऱ्याला बोलवा.