सात्तो, पात्तो, ह्योइतो: चपळ हालचालींचे जपानी शब्द मराठी कानाने शिका
‘मांजर उडालं’ आणि ‘मांजर टुणकन उडालं’ यातला फरक ज्याला कळतो, त्याची जपानी अनुकरणवाचक शब्दांची निम्मी तयारी घरीच झालेली असते. उरलेल्या निम्म्यात चुका होतात, कारण सात्तो, पात्तो, सास्सातो या सगळ्यांचा अर्थ आपण ‘पटकन’ म्हणून पाठ करतो.

आधी उच्चार. या शब्दांतल्या ‘सा’, ‘पा’चा आवाज ‘आ’चा, पण लांबी ‘अ’एवढीच. ‘त्त’, ‘स्स’ अशा दुहेरी व्यंजनातल्या पहिल्या अर्ध्या अक्षराला मात्र पूर्ण एक ठोका द्यायचा. सा-त्-तो म्हणजे तीन टाळ्या, पा-पा-त्-तो म्हणजे चार. ‘पता’ आणि ‘पत्ता’ आपण वेगळे म्हणतोच, तेवढंच भान इथे ठेवा. ठोका गिळला की शब्दातला झटकाच जातो.

मग शब्दाचं शेपूट पाहा. ‘-त्तो’ आपल्या ‘-कन’, ‘-दिशी’चं काम करतं: क्रिया एकदाच आणि झटक्यात. ‘-रि’ आली की क्रिया एकदाच, पण अलगद पूर्ण होते. ‘-न’ने उसळी येते: ‘प्योन’ म्हणजे एक टुणकन उडी. शब्द दोनदा आला की क्रिया पुन्हापुन्हा: ‘प्योन्प्योन’ म्हणजे सशासारख्या टुणटुण उड्या.

पहिल्या अक्षराने वजन ठरतं, आणि इथे मराठी कान फार कामाला येतो. टपटप हलकं, धबधब जड. खळखळ आणि घळघळ यांतही तेच. जपानीत ‘कुरुकुरु’ म्हणजे हलकं, छोटं गरगर फिरणं, ‘गुरुगुरु’ म्हणजे जड किंवा मोठं काहीतरी फिरणं. (कुत्र्याच्या गुरगुरण्याशी त्याचा संबंध जोडू नका.) ‘पारापारा’ पाऊस तुरळक थेंबांचा, ‘बाराबारा’ म्हणजे सगळं इतस्ततः विखुरलेलं.

आता शब्दांकडे. ‘सात्तो’मध्ये वेगाइतकाच महत्त्वाचा आहे थोडकेपणा. जपानी पाककृतींत ‘सात्तो युदेरु’ (उकळत्या पाण्यातून जेमतेम काढणं) आणि ‘सात्तो आराउ’ (पाण्याखाली नुसतं फिरवणं) सतत भेटतात. तर्री-पोह्यासाठी आपण पोहे चाळणीत घेऊन वरून पाणी फिरवतो, भिजत घालत नाही, तेच हे. ‘पटकन’ म्हणून वाचलंत तर हात भराभर चालवाल, पण भाजी पाण्यात राहील तेवढीच राहील आणि तिचा लगदा होईल. अख्खा पदार्थच फारसा खटाटोप न करता उरकायचा असेल तर शब्द ‘पापात्तो’: ‘पापात्तो त्सुकुरु’, म्हणजे झटपट करून टाकणं.

‘पात्तो’मध्ये एका क्षणात दृश्यच बदलतं. दिवा ‘पात्तो’ लागतो, कल्पना ‘पात्तो’ सुचते. सापळा एकच: ‘पात्तो शिनाइ’ याचा अर्थ ‘पटकन करत नाही’ असा नाही, त्याचा अर्थ ‘फारसा उठाव नाही, फिकं वाटतं’.

‘सास्सातो’ जपून वापरा. त्यात बोलणाऱ्याचा कंटाळा आणि घाई असते. ‘सास्सातो शिनासाइ’ आई मुलाला म्हणेल. शिक्षकांना किंवा साहेबांना तसं म्हणणं म्हणजे नागपुरात त्यांना ‘आटप ना बे’ म्हणण्यासारखं होईल. कामाचा उरक वाखाणायचा असेल तर ‘तेकिपाकि’ वापरा. त्यात वेगाबरोबर नीटनेटकेपणाही येतो.

‘ह्योइतो’ म्हणजे जोर न लावता, सहज. उचलणं, चिमटीत धरणं, उडी मारून ओलांडणं यांच्याबरोबर तो शोभतो. दारातून कोणी अनपेक्षित डोकावलं तरी चालतो. ‘हिरारितो’ला पाकळीचा हलकेपणा आहे: अंग चुकवणं, तरंगत उतरणं. आणि ‘सुरुत्तो’ तर नागपूरकराच्या बोटांना आधीच ठाऊक आहे: पिकलेल्या संत्र्याची सैल साल न चिकटता, न फाटता सुटते, ते सुटणं.

व्याकरणात एवढंच जपा: ‘सात्तो’, ‘पात्तो’, ‘सास्सातो’ यांतला ‘तो’ गाळता येत नाही, ‘कुरुकुरु’सारख्या जोडशब्दांत तो बहुधा ऐच्छिक असतो. स्वराघाताचीही एक गंमत आहे. ‘बाराबारा’ क्रियापदाला लागून आला तर आवाज पहिल्या ‘बा’वर चढून लगेच उतरतो, ‘विखुरलेलं आहे’ अशी स्थिती सांगताना उतार येत नाही.

सरावासाठी कार्डावर एकटा शब्द लिहू नका. वस्तू, शब्द आणि क्रियापद एकत्र लिहा: ‘देन्कि गा पात्तो त्सुकु’ (दिवा लख्खकन लागतो). आठवड्याला पाच कार्डं पुरेत. प्रत्येक कार्ड म्हणताना ती हालचाल हाताने करा, कारण हे शब्द अर्थापेक्षा अंगात लवकर बसतात. मग नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात दहा मिनिटं उभं राहून दिसेल त्या हालचालीला शब्द लावा. हमालाने संत्र्यांची भरलेली पेटी सहज उचलून खांद्यावर टाकली तर ती कितीही जड असो, ‘ह्योइतो’ बरोबर. दात आवळून, कण्हत उचलली तर पेटी अर्धी रिकामी असली तरी हा शब्द चुकला.