मॅन्युअल गिअरची आलिशान एसयूव्ही: खरेदी, घाट आणि क्लच

आलिशान एसयूव्हीच्या बाजारात मॅन्युअल गिअरची गाडी आता विरळा झाली आहे. पोर्शेने कायेन आणि बीएमडब्ल्यूने पहिल्या पिढीची एक्स5 परदेशात मॅन्युअल गिअरसह विकली होती, भारतात ऑडीने क्यू3 चे सहा गिअरचे मॅन्युअल रूप आणले होते, मित्सुबिशीची पजेरो स्पोर्टही मिळत असे. मॅन्युअल गिअरची ही सर्व रूपे आज जुन्या गाड्यांच्या बाजारातच शोधावी लागतात. फोर्डने 2021 मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यांची मोठी एसयूव्ही एन्डेव्हरही गेली. त्यामुळे महाराष्ट्रात हा विषय निघाला की बोलणे बहुधा टोयोटा फॉर्च्युनरच्या 2.8 लिटर डिझेल मॅन्युअलवर येते. हे मार्गदर्शन मुख्यतः तिला समोर ठेवून लिहिले असले, तरी यातील बहुतेक गोष्टी दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजनाच्या कोणत्याही मॅन्युअल डिझेल गाडीला लागू पडतात.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे की अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स मजबूत असतात, मात्र क्लच किती टिकेल हे जवळजवळ पूर्णपणे चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर अवलंबून असते. गाडी घेण्यापासून ती रोज कुठे उभी करायची इथपर्यंतचे निर्णय क्लचचा विचार करूनच घ्यावेत.

घेण्यापूर्वी

मॅन्युअल म्हणजे जास्त ताकद, असा एक जुना समज आहे. फॉर्च्युनरच्या बाबतीत तो खरा नाही. 2021 च्या सुधारित गाडीत दोन्ही प्रकारांची शक्ती 204 पीएस असली, तरी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर आहे. तेव्हा मॅन्युअल घ्यायची ती गिअरवर स्वतःचा ताबा हवा म्हणून आणि आपला प्रवास घाटांचा, गावाकडचा, मोकळ्या रस्त्याचा आहे म्हणून. रोज हिंजवडीच्या किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या कोंडीतून ये-जा करणाऱ्याने, विशेषतः गुडघ्याचा त्रास असल्यास, ऑटोमॅटिकच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी गाडी पाहायला गेल्यावर आधी तिचा क्लच तपासावा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये साधारण 40 च्या वेगाने चालू ठेवावी आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा झपाट्याने वर गेला आणि वेग मात्र मागेच रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे. पॅडल किती वर आल्यावर क्लच पकड घेतो यावरून झीज ओळखण्याची पद्धत केबलच्या क्लचसाठी ठीक होती; हायड्रॉलिक क्लच झिजेनुसार स्वतःच जुळवून घेत असल्याने तेवढ्यावर विसंबू नये. गाडी उचलताना थरथर होते का, हे चढावर सुटताना पाहावे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच सावकाश दाबत जावा: दाबताना आवाज येऊ लागला तर रिलीज बेअरिंगचा (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) संशय घ्यावा, आणि इंजिन बंद होताना खडखडाट झाला तर फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) तपासून घ्यावे. मोठ्या डिझेल गाड्यांत धक्के शोषणारे दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते आणि ते क्लच प्लेटपेक्षा बरेच महाग पडते. गाडी कोकणात राहिली असेल, तर ती रॅम्पवर चढवून खालचा गंजही पाहावा.

कागदपत्रांबाबत एकच सांगतो. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

बसण्याची जागा

ही बाब किरकोळ वाटते, पण क्लचच्या अनेक तक्रारी इथूनच सुरू होतात. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहील इतके आसन पुढे घ्यावे. त्यानंतर वाकून पॅडलच्या मागे पाहावे. हौसेने बसवलेले जाड मॅट किंवा मूळ मॅटवर टाकलेले दुसरे मॅट तिथे अडत असेल, तर पॅडल शेवटपर्यंत जात नाही, इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. अनेक जण यासाठी गिअरबॉक्सला दोष देतात, प्रत्यक्षात मॅट काढल्यावर आवाज थांबतो. सैल चप्पल घालून गाडी चालवू नये, कारण तिची टाच पॅडलखाली अडकू शकते. गिअर बदलून झाला की डावा पाय बाजूच्या पायटेकणीवर आणि डावा हात स्टिअरिंगवर परत आला पाहिजे.

शहरातील कोंडीत

फॉर्च्युनरचा पहिला गिअर बराच छोटा आहे, म्हणून सपाटीवर थेट दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलण्याची सवय पुष्कळांना लागते. सात माणसे आणि सामान भरलेली गाडी अशी उचलताना क्लच दरवेळी जास्त वेळ घासला जातो. थांबलेली गाडी नेहमी पहिल्यातच उचलावी, फार रेस न देता क्लच सोडावा आणि गाडीने चाल धरताच दुसरा टाकावा. कोंडीत पुढच्या वाहनामागे जाणीवपूर्वक अंतर राखावे आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, अॅक्सिलरेटरला स्पर्श न करता गाडीला सरपटू द्यावे. या इंजिनाला तेवढा जोर निष्क्रिय (आयडल) फेऱ्यांवरही पुरतो. मध्ये रिक्षा घुसेल, तिला घुसू द्यावे. सिग्नलवर न्यूट्रल आणि हँडब्रेक, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला.

चालक ठेवला असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसून हे स्वतः पाहावे. हाफ क्लचवर, म्हणजे पॅडल अर्धवट दाबून, गाडी चढावर धरून ठेवण्याची सवय एखाद्याला असली, तर ती दुरुस्तीच्या बिलात दिसण्यापूर्वीच मोडावी लागते.

घाटात

मॅन्युअल घेतल्याचे समाधान मिळते ते इथे, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो.

आंबोली किंवा वरंध घाटातील एखादे अवघड चढते वळण घ्या. वळण दिसताच, रस्ता अजून सरळ असतानाच ब्रेकने वेग कमी करावा. तिसऱ्यातून दुसरा टाकायचा आहे. तिसऱ्यात इंजिनाचे फेरे 1500 असतील, तर त्याच वेगाला दुसऱ्यात ते सुमारे 2500 होतील. क्लच दाबून दुसरा टाकावा, क्लच सोडण्याआधी ब्रेकवरून आलेल्या उजव्या पायाने अॅक्सिलरेटरला हलकासा झटका देऊन फेरे तेवढे वर आणावेत आणि मग क्लच सोडावा. फेरे जुळले की गाडीला धक्का बसत नाही आणि क्लच जवळपास घासलाच जात नाही. आता स्टिअरिंग वळवावे व संपूर्ण वळण त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर पार करावे. वळणाच्या मध्यात क्लच दाबणे टाळावे, कारण त्या क्षणी चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो आणि जड गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. हे नीट साधले की नाही, याची पावती तिसऱ्या रांगेतील माणसे देतात: त्यांची मान पुढे-मागे झाली नाही, तर गिअर बरोबर पडला. गाडीच्या आलिशानपणात चालवणाऱ्याचा वाटा असतो तो हा.

फेरे 1400 च्या खाली असताना वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढू नये. डिझेल वाचेल या समजुतीने असे केले जाते, पण त्या वेळी गाडीच्या अंगातून जी घरघर जाणवते तिचा मार फ्लायव्हीलला बसतो.

उतरताना, ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल टाकून उतरण्याने डिझेलही वाचत नाही, कारण गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडल्यावर आधुनिक इंजिन डिझेलचा पुरवठा थांबवते, तर न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यासाठी डिझेल जाळतच असते. वर दोन टनांचा सारा भार ब्रेकवर येतो, तो वेगळाच. चढावर थांबून सुटताना हँडब्रेक ओढावा, क्लच पकड घेऊ लागून गाडीचे नाक किंचित उचलले की हँडब्रेक सोडावा. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला अग्रक्रम द्यावा असे 2017 चे वाहनचालन विनियम सांगतात, तेव्हा आपण उतरत असू तर थांबावे.

चिखल आणि फोर बाय फोर

फॉर्च्युनरची फोर बाय फोर यंत्रणा हवी तेव्हा जोडायची आहे. एच4 मध्ये (चारही चाकांना जोर देणारी नेहमीच्या वेगाची स्थिती) पुढची व मागची चाके एकमेकांशी जखडली जातात, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर ती वापरू नये. वळताना यंत्रणेवर अनाठायी ताण येतो. पावसाळ्यात शेताच्या पायवाटेवर किंवा जांभ्याच्या घसरड्या चढणीवर गाडी अडण्याची वाट न पाहता, आधीच थांबून क्लच पूर्ण दाबून एल4 (कमी वेग, जास्त जोराची स्थिती) लावावे. एल4 मध्ये दुसऱ्या गिअरलाही इतका जोर मिळतो की हाफ क्लचची गरजच राहत नाही. चिखलात अर्धवट क्लचवर चाके फिरवत राहिल्यास जळका वास येतो. तो आला की तिथेच थांबून क्लच थंड होऊ द्यावा आणि मग चाकांखाली दगड किंवा फांद्या घालून नव्याने प्रयत्न करावा.

क्लच बदलताना

फोर बाय फोर गाडीत क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्ससह ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) उतरवावी लागते आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावेत, फ्लायव्हील स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला गळती असेल तर तेही त्याच वेळी घालून घ्यावे. पुढे तेवढ्या एका सीलसाठी सगळे पुन्हा उतरवणे परवडत नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलची (पुढच्या व मागच्या आसांवरील गिअरपेट्या) तेले कितव्या किलोमीटरला बदलली, हे लिहून घ्यावे. नवा क्लच बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडीत पूर्ण भार भरू नये, ट्रेलर ओढू नये आणि शक्य असेल तर त्या काळात घाटाचा प्रवास पुढे ढकलावा.