प्रोसेसर घेताना नुसते गिगाहर्ट्झ बघू नका

एएमडीचा रायझन ५ ५६०० घेऊ की इंटेलचा आय५ १२४००एफ, असा घोळ चालू असेल तर आधी बॉक्सवरचे आकडे बाजूला ठेवा. दोन्हींना ६ कोर (काम करणारे भाग) १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), दोन्हींचा बूस्ट (जास्तीत जास्त वेग) ४.४ गिगाहर्ट्झ, पण बेस क्लॉक (मूळ वेग) एकाचा ३.५ नि दुसऱ्याचा २.५, म्हणून पहिला लय फास्ट असं अजिबात नाही, कारण क्लॉकच्या एका ठोक्यात कोण किती काम उरकतो ते डिझाईनवर असतं आणि ते बॉक्सवर कुठंच लिहिलेलं नसतं.

टॅली, एक्सेल, ब्राउझर असलं काम असेल तर सिंगल कोर स्कोअर बघा, व्हिडिओ रेंडर करायचे असतील तर मल्टी कोर. हे स्कोअर काढणारं सिनेबेंच आर२३ सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पूर्ण १० मिनिटं चालू द्या, प्रोसेसर थंड असताना पहिला स्कोअर छानच येतो हो, खरं काय ते तापल्यावर कळतं. आर२३ चा स्कोअर सिनेबेंच २०२४ शी लावू नका, मोजपट्टीच वेगळी आहे.

आणि दोन प्रोसेसरची तुलना करताना रॅम दोन्हीकडे सारखी पाहिजे, नाहीतर रॅमचा दोष प्रोसेसरवर जातो. माझ्याकडे गेम अडखळत होता, अर्धा दिवस प्रोसेसरलाच दोष दिला, शेवटी कॅबिनेट उघडलं तर रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, ८-८ च्या दोन लावल्या नि बायोसमधे (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग, चालू केलं तेव्हा कुठं नीट चालला.

ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर हे दोन्ही सोडा, इनबिल्ट ग्राफिक्स नाही यांच्यात, स्क्रीनवर काहीच येणार नाही, बिना एफवाला १२४०० बघा.